बोडीतला मासा आणि प्रयोगशाळेतलं अंडं

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सिंदेवाहीहून बाबांचा फोन आला. "अरे, बोडीतल्या मासोळ्या उलट्या पडल्या!" (बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाच्या शेतातलं छोटं तळं.) तुडतुडे आले म्हणून वरच्या बांध्यांमध्ये फवारणी झाली होती. रात्री पाऊस कोसळला आणि ते पाणी बोडीत उतरलं. आजोबा म्हणायचे, मासा जगला की पाणी चांगलं. पुण्यात बसून वाचायला लागलो, तेव्हा कळलं की जगातली सरकारंही बरीच वर्षं हेच म्हणत आली आहेत.

सुरुवात १९२७ सालची. ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने औषधांची ताकद मोजायला एक युक्ती काढली : ज्या डोसने निम्मे प्राणी मरतात, तो डोस शोधायचा. पुढे हीच युक्ती पाण्यात उतरली. १९८१ साली ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०३ क्रमांकाची मासे-चाचणी ठरवली. रसायनाच्या पाच तीव्रता, प्रत्येकीत किमान सात मासे आणि सात मासे साध्या पाण्यात, असा तिचा पुढे रूढ झालेला हिशेब. ९६ तास थांबायचं आणि मेलेले मोजायचे. म्हणजे एका चाचणीला किमान ४२ मासे! आपल्याकडेही १९९३ साली पर्यावरण नियमांत अट आली : कारखान्याच्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत.

आमच्या धंद्यात याला थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग म्हणतात. मग युनिट टेस्ट कुठाय?

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी एक पुस्तक लिहून सांगितलं होतं, की प्राण्यांना पर्याय शोधा, त्यांची संख्या कमी करा, त्यांचे हाल कमी करा. माशांपर्यंत हे पोचायला बराच वेळ लागला. जर्मनीने २००५ पासून सांडपाण्याच्या तपासणीत माशांऐवजी झेब्रा माशाची अंडी वापरायला सुरुवात केली. २०१३ साली ओईसीडीने रसायनांसाठी तशीच चाचणी मान्य केली. अंडं पारदर्शक असतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सगळं दिसतं. अंडं गोठलं का, शरीराचे खंड पडले का, शेपटी सुटी झाली का आणि काळीज धडधडतंय का, एवढं बघायचं. युरोपच्या कायद्यात स्वतः खायला लागेपर्यंत पिल्लाला प्रयोगातला प्राणी धरत नाहीत.

गंमत म्हणजे हा झेब्रा मासा आपल्याच देशातला! १८२२ साली हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली.

२०२१ मध्ये आणखी एक पायरी आली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात ट्राउट माशाच्या कल्ल्यापासून पेशींची एक वाण तयार झाली होती. त्या पेशींवर २४ तासांत चाचणी होते. अख्खा मासा लागतच नाही.

वाचून मी खूश झालो. पण पुढची ओळ वाचली आणि बोडी आठवली. कल्ल्याच्या पेशींना मज्जातंतू नसतात. त्यामुळे जे विष मज्जातंतूंवर घाव घालतं, ते या चाचणीत कमी धोक्याचं भासू शकतं. अंड्याच्या चाचणीतही अशी विषं कधीकधी निसटतात. आणि शेतातली कितीतरी कीटकनाशकं नेमकी मज्जातंतूंवरच काम करतात! सायपरमेथ्रिन तर माशांना फारच घातक.

म्हणून पर्याय सोडून द्यायचे का? मुळीच नाही. युनिट टेस्ट पास झाली म्हणून कोणी सिस्टीम टेस्टिंग बंद करत नाही, आणि सिस्टीम टेस्टिंग आहे म्हणून युनिट टेस्टही टाकून देत नाही. कोणती चाचणी कुठे आंधळी आहे ते माहीत हवं, आणि त्या जागी दुसरी हवी. ४२ मासे वाचले आणि बोडीतले चारशे मेले, तर तो हिशेब चुकलाच.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आमच्या बोडीत कोण चाचणी करते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. यंदा त्यांनी वरच्या बांध्यांचे धुरे उंच केलेत आणि बोडीत पुन्हा बोटुकली सोडलीत. पाऊस पडला की मी आता आधी मासोळ्यांची खबर घेतो.