उत्तरं आहेत, प्रश्न गेले

गेले दोन शनिवार इकडे फिरकलो नाही. कारण एका सर्व्हरचं अपग्रेड. "लोक वीकेंडला लोणावळ्याला जातात आणि तू काळ्या पडद्याकडे बघत बसतोस," असं घरून ऐकून झालंय, तेव्हा तुम्ही नका बोलू :-)

शाळेतल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी एक छोटी संस्था आहे. तिचं ऑनलाईन शिकवण्याचं दुकान २०१९ पासून मी फावल्या वेळात सांभाळतो. त्याखाली जे सॉफ्टवेअर चालतं त्याचं नाव ओपन एडएक्स. फुकट मिळतं. पण फुकट मिळालेली म्हैस बांधायची कुठे आणि तिला रोज चारा कोण घालणार, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो. आज त्या म्हशीचा इतिहास.

सुरुवात झाली बॉस्टनजवळ, एमआयटीत. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आम्ही आमचे कोर्स नेटवर फुकट शिकवणार. मार्च २०१२ मध्ये पहिला कोर्स सुरू झाला, सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. शिकवणाऱ्यांत मुख्य होते अनंत अग्रवाल, आपल्या आयआयटी मद्रासचे. नावं नोंदवली सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी, पास झाले सात हजारांच्या वर. पेपरवाल्यांनी पहिला आकडा छापला, टीकाकारांनी दुसरा. मला मात्र तिसरंच कुतूहल आहे: एवढं पब्लिक एकदम आलं तेव्हा तो सर्व्हर रात्री कोण बघत होतं? त्याचं नाव कुठल्याच बातमीत नाही. मे २०१२ मध्ये हार्वर्ड सामील झालं, दोघांनी तीन-तीन कोटी डॉलर घातले आणि एडएक्स नावाची ना-नफा संस्था उभी राहिली.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. त्या वेळी त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथे पायथनवाल्यांच्या मेळाव्यात सॉलोमन हाइक्स नावाच्या माणसाने पाच मिनिटांचं एक छोटं भाषण केलं आणि डॉकर पहिल्यांदा जगाला दाखवलं. आणि १ जून २०१३ ला एडएक्सने आपला सगळा कोड खुला केला.

कोड खुला झाला म्हणजे दार उघडलं, असं आपल्याला वाटतं. काही ठिकाणी खरंच उघडलं. चीनमध्ये त्सिंगहुआ विद्यापीठाने त्यावर श्वेतांगएक्स काढलं, फ्रान्सच्या सरकारने 'फन' काढलं, जॉर्डनमध्ये अरबीतून 'इद्राक' निघालं, आणि आपल्या पवईला आयआयटीने आयआयटीबॉम्बेएक्स. यादी नीट बघा. सगळी विद्यापीठं, सरकारं, मोठी फाउंडेशनं. ज्यांच्याकडे इंजिनियरांची पलटण आहे असे. कारण कोड खुला होता, पण तो बसवणं हा एक छळ होता! विद्यार्थ्यांचा भाग वेगळा, कोर्स बनवणाऱ्यांचा वेगळा, दोन जातींचे दोन डेटाबेस, शोधासाठी इलॅस्टिकसर्च, चर्चेचा कट्टा तर चक्क रुबीत लिहिलेला. हे सगळं एका ठरावीक उबुंटूवर अ‍ॅन्सिबलच्या स्क्रिप्टने चढवायचं. तासभर अक्षरं सरकतात, आणि मग शेवटून तिसऱ्या पायरीवर लाल ओळ. २०१९ मध्ये मी ते तिसऱ्या खेपेला यशस्वी केलं आणि घरी बासुंदी आणली होती, यावरून ओळखा.

त्यात आणखी एक घड्याळ टिकटिकत होतं. सगळा डोलारा पायथन २ वर, आणि १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा अधिकृत मुक्काम संपला. ओपन एडएक्सच्या आवृत्त्यांना झाडांची नावं असतात, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. त्यातलं जुनिपर, म्हणजे पायथन ३ वरचं झाड, आलं जून २०२० मध्ये. मधल्या काळात मार्चला लॉकडाऊन लागला आणि संस्थेच्या साईटवर शिक्षकांची रीघ लागली.

इथे माझा शहाणपणा आडवा आला. रेजिस बेमो हा फ्रेंच इंजिनियर पूर्वी त्या 'फन'मध्ये होता. त्याने २०१८ पासून सगळं ओपन एडएक्स डॉकरच्या कंटेनरांत बसवून ठेवलं होतं. नाव ट्यूटर. पण एका माणसाच्या प्रोजेक्टवर कशाला विसंबायचं, असं म्हणून मी स्वतःची कंपोज फाईल लिहिली. (एका माणसाच्या प्रोजेक्टवर विसंबायचं नाही म्हणून दुसऱ्या एका माणसाच्या, म्हणजे माझ्या. हे तेव्हा सुचलं नाही.)

कंटेनर म्हणजे लॉजची खोली समजा. तुम्ही चेकआऊट केलंत की खोली पुसून नवी होते, आत विसरलेलं काहीही राहत नाही. म्हणून जपायचं सामान बाहेर, व्हॉल्यूममध्ये ठेवायचं. मायएसक्यूएलसाठी मी सर्व्हरवरचाच एक फोल्डर जोडून ठेवला होता. मोंगोसाठी विसरलो. तरी महिनाभर सगळं सुरळीत! कारण मोंगोची इमेज स्वतःहूनच एक बिननावाचं व्हॉल्यूम घेते. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये पावतीशिवाय ठेवलेली बॅग. एका रात्री डिस्क भरली. डॉकरचे लॉग, ज्यांना मी मर्यादा घातली नव्हती. मी सगळं खाली उतरवलं, म्हणजे बॅग कोणाची हे कुणाला कळेना. मग जागा करायला प्रूनची आज्ञा दिली, व्हॉल्यूमसकट, म्हणजे बेवारस सामान फेकून दिलं. मग सगळं पुन्हा चढवलं. साईट आली. लॉगिन झालं. कोर्सच्या यादीत शून्य कोर्स.

ओपन एडएक्सची रचना अशी आहे की कोर्सचा मजकूर मोंगोत आणि विद्यार्थ्याने काय केलं ते मायएसक्यूएलमध्ये. म्हणजे साडेतीनशे शिक्षकांच्या उत्तरपत्रिका जशाच्या तशा शाबूत, आणि प्रश्नपत्रिका गायब. बॅकअप? होता ना. रोज रात्री तीन वाजता. मायएसक्यूएलचा.

सकाळी संस्थेच्या ताईंना फोन केला. मी "डेटा करप्शन" वगैरे शब्द जमवत होतो, त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे आमच्या बायांनी रात्री अकराला पोरं झोपवून सोडवलेलं गेलं का?"

वाचलो ते अपघाताने. ताईंनी पाच आठवड्यांपूर्वी कोर्स एक्स्पोर्ट करून स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवला होता, "असावा म्हणून". तीच ओळख असलेल्या कोर्समध्ये तो परत भरला, तर प्रत्येक प्रश्नाचा आतला क्रमांकही तोच राहतो, आणि जुनी उत्तरं आपापल्या प्रश्नांना जाऊन चिकटतात. चिकटली. पण नंतरच्या पाच आठवड्यांत घातलेले तीन धडे त्यात नव्हते. व्हिडिओ युट्यूबवर होते. प्रश्न नव्हते. मायएसक्यूएलमध्ये बघितलं तर उत्तराच्या जागी नुसतं 'चॉईस २'. कशाचा चॉईस, ते सांगणारं कोणी नाही. ताईंनी प्रश्न आठवून पुन्हा लिहिले, शिक्षकांनी पुन्हा सोडवले. त्यातल्या अकरा जणी परत आल्याच नाहीत.

जुनिपर आल्यावर मुकाट ट्यूटरवर गेलो. तिथे प्रत्येक डेटाबेसची जागा आधीच ठरवून दिलेली आहे. माझ्यासारखे हुशार त्या माणसाने आधी पाहिलेले असणार.

पुढची कथा तुम्ही बिझनेसच्या पानावर वाचली असेल. जून २०२१ मध्ये जाहीर झालं की एडएक्स ८० कोटी डॉलरना २यू या कंपनीला विकलं जाणार, नोव्हेंबरला व्यवहार पुरा झाला. फुकट ज्ञानाची ना-नफा संस्था बाजारात गेली म्हणून बराच गदारोळ झाला. मलाही धक्का बसला होता, खोटं कशाला बोलू. पण ओपन एडएक्सची देखरेख विकली गेली नाही. ती एमआयटी आणि हार्वर्डच्या ना-नफा संस्थेकडे राहिली, तिचं नाव आता अ‍ॅक्सिम. आणि त्याच डिसेंबरात मेपल आवृत्ती आली, तिच्यापासून जुनी अ‍ॅन्सिबलची पद्धत बंद होऊन ट्यूटर हीच अधिकृत पद्धत ठरली. जुलै २०२४ मध्ये २यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवशी संस्थेच्या साईटवर काही फरक पडला का म्हणून मी मुद्दाम बघितलं. एका शिक्षिकेने चौथा धडा पूर्ण केला होता. बाकी काही नाही.

माझ्या मते हे सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने खुलं झालं ते २०१३ ला नाही, २०२१ ला. परवाना पहिल्या दिवसापासून होता, पण एक माणूस एका शनिवारी आठ जीबीच्या मशिनवर ते उभं करू शकतो, ही गोष्ट आठ वर्षांनी आली. तेवढ्यावर चारा संपत नाही हे आहेच. दर सहा महिन्यांच्या आसपास नवं झाड येतं. दोन झाडं चुकवलीत तर तिसऱ्यावर उडी मारताना मधल्या प्रत्येक फांदीला हात लावत जावं लागतं. माझे दोन शनिवार त्यातच गेले. या वेळी दोन्ही डेटाबेसचे बॅकअप घेतले, आधी माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिले, आणि ताईंना लॉगिन करून धडे मोजायला लावले. मगच खऱ्या सर्व्हरला हात लावला.

त्या तीन धड्यांच्या जुन्या ओळी मायएसक्यूएलमध्ये अजून आहेत. प्रत्येक अपग्रेडला त्या पुढच्या आवृत्तीत येतात. परवाही आल्या. पुसायला एक ओळीची आज्ञा पुरेल, अजून दिलेली नाही.