लग्नाचं वस्त्र आणि सावलीची मजुरी

रोजच्या वस्तूंचा इतिहास पाहता पाहता आपण आज लग्नाच्या कपड्यांपाशी आलो आहोत. हल्ली तरुण मुलंमुली आम्हाला विचारतात, की अंगावर नीट बसेल आणि ज्याच्यापायी कुणाची पिळवणूक झालेली नसेल असं वस्त्र लग्नासाठी कुठे मिळेल? प्रश्न नव्या पिढीचा वाटतो. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तो जुना आहे, आणि एकेकाळी त्याचा आण्या-पैशांत हिशेबही मांडला गेला आहे.

सुरुवात जंगलापासून करू. इथलं मानाचं कापड म्हणजे कोसा, अर्थात टसर रेशीम. तुतीवरचा किडा घरात पाळता येतो. टसरचा किडा मात्र ऐन आणि अर्जुनाच्या उभ्या झाडांवर वाढतो. आरमोरीच्या बाजूला हे काम मुख्यतः ढिवर समाजानं केलं. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत मुंग्या आणि पाखरं यांच्यापासून किडे राखत झाडाखाली बसायचं. पुढे कोश उकळून धागा काढायचा. कोशाच्या मुलखांत बायका हा धागा पिढ्यानपिढ्या उघड्या मांडीवर वळत आल्या. मांडीची सालटी निघायची. केंद्रीय रेशीम मंडळानं यासाठी ‘बुनियाद’ नावाचं यंत्र पुढे आणलं, ते बरंच अलीकडे.

हा धागा मग कोष्ट्यांच्या मागावर जातो. नागभीडची कोशाची साडी आणि एकूणच विदर्भाची करवत काठी साडी आपल्याला माहीत आहे. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. मधल्या अंगाला एक आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात. काठाचा नि अंगाचा धागा दर फेऱ्याला एकमेकांत अडकवावा लागतो. घाई केली की दात बिघडतो. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

आता एक विसंगती बघा. कोशाचं वस्त्र सोवळ्याचं मानलं गेलं. पूजेला चालतं, लग्नाला चालतं. ज्या हातांनी किडा राखला, कोश उकळला, त्या हातांना मात्र सोवळ्यात जागा नव्हती. सुती कापडाचंही तेच. या भागात जाडंभरडं कापड महार विणकर विणत. ते कापड गावाला चालत होतं, विणणारा चालत नव्हता. वस्त्राची शुद्धता आपण फक्त वस्त्रापुरती पाहिली. ते करणाऱ्याशी आपण कसं वागतो, हे त्या शुद्धतेत कधी मोजलंच नाही.

१८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडानं हातमागाचा बाजार ओढून घेतला आणि कित्येक विणकर गिरणीत मजूर झाले. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. त्याच्या महाराष्ट्र शाखेचं एक महत्त्वाचं केंद्र आपल्या सावलीत उभं राहिलं.

पुढचा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोवर खादीवाल्यांची धडपड एकच होती: खादी स्वस्त कशी होईल? म्हणजे भार पडत होता कातणाऱ्या बाईवर. १९३५ मध्ये गांधीजींनी हा प्रश्नच उलटा केला. कातणारीला पोटभर मिळेल इतकी मजुरी आधी ठरवा, खादीची किंमत मग ठरेल. त्यांचा आग्रह तासाला एक आण्याचा, म्हणजे आठ तासांना आठ आण्यांचा होता. प्रत्यक्षात सुरुवात झाली ती आठ तासांना तीन आण्यांच्या आसपास. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबा स्वतः दिवसभर सूत कातून त्याच्याच मजुरीवर जगून पाहत होते. लगेच १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन सावलीला भरलं आणि गांधीजी तिथे आले.

यात अडचणी नव्हत्या असं समजू नका. मजुरी वाढली की खादी महाग होते. महाग झाली की खप धोक्यात येतो, आणि खप घटला तर काम जातं ते त्या कातणारीचंच. शिवाय वाढीव मजुरीबरोबर अट आली, की कातणाऱ्यांनी स्वतः खादीच वापरावी. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिच्या अंगावर काय असावं हे दुसरेच ठरवू लागले! न्याय करायला निघालेला माणूस नकळत मालकासारखा कसा बोलू लागतो, ते इथे दिसतं. तरीही, गिऱ्हाइकानं आधी मजुरीचा विचार करायचा आणि मग किमतीचा, हा क्रम त्या वर्षी ठरला. त्याचं मोल कमी नाही. १९४२ मध्ये इंदिरा गांधी लग्नात वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी नेसल्या, ती गोष्ट सगळे सांगतात. सावलीची मजुरी फारसं कुणी सांगत नाही.

‘अहिंसक रेशमा’बद्दल हल्ली विचारणा होते. कोश उकळताना आतला जीव मरतो, हे खरंच आहे. पतंग बाहेर पडू दिला तर कोशाचा सलग धागा निघत नाही. तो कापसासारखा कातावा लागतो, कापड खरखरीत होतं. ज्यांना हे पटतं त्यांनी ते जरूर घ्यावं. आमचं म्हणणं एवढंच, की किड्याची चौकशी करताना मांडीवर धागा वळणाऱ्या बाईची चौकशी राहून जाऊ नये.

आता मापाचं बोलू. साडी, धोतर, उपरणं ही न शिवलेली वस्त्रं. ती कोणत्याही अंगाला बसतात, शरीर बदललं तरी बसतात, आणि आईची लेकीला होते. शिवलेला कपडा त्या दिवसाच्या शरीराला बांधलेला असतो. म्हणून भाड्याची शेरवानी खांद्यात बसते तर पोटावर ताणते. शिवायचंच असेल तर गावातल्या शिंप्याकडे वेळेवर जा, आणि आत दोन बोटं कापड सोडायला सांगा. दहा वर्षांनी उपयोगी पडेल.

२००४ पासून सिल्क मार्क आणि २००६ पासून हँडलूम मार्क आहे. पहिला रेशीम खरं असल्याचं सांगतो, दुसरा कापड हातमागाचं असल्याचं. विणकराला काय मिळालं, हे दोन्हींतून कळत नाही. ते विचारूनच कळतं. लग्नाची तारीख ठरली की चार-सहा महिने आधी नागभीडला जा, माग बघा, विणकराला विसार द्या, आणि विचारा: ही साडी विणायला किती दिवस लागतील, आणि त्या दिवसांचे तुम्हाला किती पडतील? धागा कुणी काढला, हेही विचारा. उत्तर ऐकून किंमत कमी करून मागायची इच्छा राहिली, तर खुशाल मागा.