गोळीला कीमोची जोड

मलकापुरात माझं मेडिकल आहे. आमच्याकडचा फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट बरेचदा आधी टीबी समजून टीबीच्या गोळ्या खातो, मग विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला ‘टाटा’ रुग्णालयात जातो. तिथून आलेल्या चिठ्ठीवर जेफिटिनिब 250 सोबत फॉलिक ॲसिड दिसलं, की नातेवाईक विचारतात, “भाऊ, हे तर गरोदर बाईचं औषध ना?” पेमेट्रेक्सेड या कीमोचा त्रास कमी व्हावा म्हणून ते देतात, बी-12 चं इंजेक्शनही त्यासाठीच. गोळी आणि कीमोची ही जोडी सहजासहजी जमलेली नाही.

जेफिटिनिबला जपानमध्ये 2002 साली मंजुरी मिळाली. त्याच सुमारास ‘इंटॅक्ट’ नावाच्या दोन चाचण्यांत, दोन हजारांवर पेशंटांना, कीमोसोबत ते देऊन पाहिलं. फायदा झाला नाही. दिलं होतं सरसकट. ही गोळी मुख्यतः ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असलेल्या गाठीवर चालते, हे 2004 मध्ये कळलं. पण तीही गाठ बहुधा वर्षभरात दाद देईनाशी होते. मग गोळी थकल्यावर ती चालू ठेवून कीमो जोडायचा प्रयत्न झाला. 2015 मध्ये ‘इम्प्रेस’ चाचणीने तेही निरुपयोगी ठरवलं.

म्हणजे गाठ निगरगट्ट होण्याआधीच, पहिल्या दिवसापासून, दोन्ही द्यायला हवं होतं. जपानी डॉक्टरांनी ते तपासलं, आणि परळला त्याच ‘टाटा’त डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांच्या चमूनेही. 2016 ते 2018 मध्ये 350 पेशंट घेतले. नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, जोडीवर 16. गंभीर त्रास मात्र 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेला, आणि घरच्यांना हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं.

मला या चाचणीबद्दल विशेष आदर आहे तो एका आकड्यामुळे. त्यातले 21 टक्के पेशंट स्वतःचं आवरू शकत होते, पण कामधंदा करण्याच्या स्थितीत नव्हते. अशा अशक्त माणसांना चाचण्या बहुधा दारातूनच परत पाठवतात. आमच्या तालुक्यातून मुंबईला पोचणारे बरेचसे असेच असतात, त्यामुळे हा निकाल त्यांच्याही कामाचा आहे.

2023 मध्ये ‘फ्लॉरा-2’ या जागतिक चाचणीत ओसिमर्टिनिब या नव्या गोळीलाही पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनमयुक्त औषध अशा कीमोचीच जोड दिली. आजार आटोक्यात राहण्याचा काळ 16.7 महिन्यांवरून 25.5 महिन्यांवर गेला.