रमणा, रुमाल आणि मोर्तब : पेशवाईतील पुण्याने बनावट दावे कसे रोखले?

१/ जेथे काही फुकट वाटले जाते, तेथे लबाडीही पंगतीला येऊन बसते. ऑनलाइन गेम मोफत वाटणाऱ्या संकेतस्थळांना आज दोन प्रकारची फसवणूक छळते. एकच माणूस दहा नावांनी रांगेत उभा राहतो; आणि जे दान मुळात अस्तित्वातच नाही, त्याची कोणी खुशाल नोंद करून टाकतो. या दोन्ही लबाड्यांशी पुणे शहराने अडीचशे वर्षांपूर्वी झुंज दिली होती. आजचा धागा त्या झुंजीचा.

२/ आधी पहिली लबाडी. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. नानासाहेबांच्या काळात तिचा विस्तार झाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो ब्राह्मण श्रावणात पुण्याकडे चालू लागले.

३/ आता कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर हजारोंचा समुदाय. कोणी काशीचा, कोणी तेलंगणाचा. छायाचित्र नाही, ओळखपत्र नाही. एका दरवाजाशी दक्षिणा घेऊन तोच माणूस दुसऱ्या दरवाजाशी पुन्हा हात पसरणार नाही, याची खात्री कशी द्यावी? नावांची यादी येथे निरुपयोगी, कारण नाव काय, कोणीही काहीही सांगू शकतो.

४/ पुण्याने काढलेला तोडगा भिंतींचा होता. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते. सगळ्यांना आधी आत घ्यायचे, दरवाजे लावायचे आणि मग एकेकाला बाहेर सोडताना दारातच दक्षिणा द्यायची. बाहेर पडलेला पुन्हा आत येऊ शकत नसे. आत घेताना प्रत्येकावर खूण केली जात असल्याचेही जुन्या वर्णनांत आढळते. नाव न विचारता ‘एका माणसाला एकदाच’ हा नियम पाळण्याची ही युक्ती होती.

५/ या युक्तीची किंमत होतीच. वाटप तासन्‌तास चाले आणि तोवर प्रामाणिक याचकालाही त्या गर्दीत कोंडून घ्यावे लागे. लबाड थोडे, पण त्यांच्यासाठी लावलेला अडसर सगळ्यांच्या वाट्याला. शिवाय रमणा केवळ ‘हा पूर्वी येऊन गेला का?’ एवढेच तपासू शके. ‘हा पात्र आहे का?’ या प्रश्नाला भिंतींकडे उत्तर नव्हते.

६/ पात्रतेसाठी शास्त्र्यांकडून परीक्षा होई आणि विद्वानांना त्यांच्या विद्येप्रमाणे अधिक रक्कम मिळे. येथे दुसरा धोका उभा राहतो, तो म्हणजे वशिला. रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचा भाऊ दक्षिणेसाठी आला, तेव्हा नाना फडणीसांनी मोठी रक्कम सुचवली. शास्त्री म्हणाले की, सरकारातून त्याला इतरांइतकेच मिळेल. भाऊ म्हणून द्यायचे ते मी माझ्या पदरचे देईन. घडले तसेच असो वा नसो, परीक्षक कसा असावा याविषयीची लोकांची अपेक्षा या कथेत उतरली आहे.

७/ आता दुसरी, अधिक खोल लबाडी. दक्षिणा रोख होती. दिली की विषय संपला. इनामाचे तसे नव्हते. देवस्थानाला, विद्वानाला, लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला राजा जमीन किंवा गावाचा महसूल तोडून देई आणि त्याचा कागद, म्हणजे सनद, पिढ्यान्‌पिढ्या चाले. म्हणजे एक खोटी सनद खपली, तर नातवंडा-पतवंडांपर्यंतची सोय झाली. न दिलेले दान ‘दिले आहे’ म्हणून दाखवणे, हीच ती बनावट नोंद.

८/ तिला रोखण्याची पहिली फळी सनदेच्या अंगावरच असे. वर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील शब्द होते ‘मर्यादेयं विराजते’. पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’. दोहोंचा भाव एकच : मजकूर येथे संपला. यापुढे कोणी एखादा बिघा किंवा एखादे गाव वाढवून लिहिले, तर ते मोर्तबाच्या खाली जाणार आणि लबाडी उघडी पडणार.

९/ दुसरी फळी कालगणनेची. मराठी कागदांत शुहूर सन अरबी अंकनामांत लिहिला जाई. उदाहरणार्थ ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर ११७१, अर्थात इ. स. १७७०-७१. त्याच्या जोडीला बहुधा मुसलमानी महिन्याचा चंद्र येई. काही कागदांत शक, संवत्सर आणि तिथीही. ही सारी चाके एकमेकांत बसावी लागत. मागाहून जुना कागद ‘तयार’ करणाऱ्याला हे गणित जमवणे सोपे नव्हते. कागद अस्सल की बनावट हे पाहताना संशोधक आजही मितींचा मेळ तपासतात.

१०/ परंतु शिक्का कोरता येतो आणि गणित शिकता येते. म्हणून खरी तटबंदी सनदेच्या बाहेर होती. एका इनामाचा कागद एकटा निघत नसे. इनामदाराच्या सनदेबरोबर गावच्या मोकदमाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना आणि सरकारी कमाविसदाराला वेगवेगळी पत्रे जात. पत्राची नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल कागद भोगवट्यासाठी इनामदाराकडे परत द्यावा, अशी आज्ञा त्यांत असे.

११/ त्याच वेळी पुण्यात हुजूर दफ्तरात नोंद होई. फडातून सनदा निघत आणि रोजकीर्दीत दिवसाच्या दिवशी त्यांची नोंद चढे. म्हणजे खोट्या सनदेला केवळ स्वतः खरी दिसून भागत नसे. तिची जोड गावात, परगण्यात आणि दफ्तरातही सापडायला हवी होती. एक कागद बनवता येतो. चार ठिकाणची, चार वेगळ्या माणसांच्या ताब्यातली नोंद बनवणे फार अवघड.

१२/ आणि कागदच वादात सापडला तर? मग गोतसभा. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांतील जाणते एकत्र बसत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पाटलाची निशाणी नांगर. ज्याला अक्षर येत नाही, तोही आपल्या अवजाराची खूण करून साक्षीदार होई. जमीन खरोखर कोण कसत आले, हे शिवारातील माणसांना कागदापेक्षा अधिक ठाऊक असते, हा त्यामागचा विश्वास.

१३/ या रचनेचा कच्चा दुवा होता दफ्तर. नाना फडणीसांच्या काळात ते नेटके चालले. १७९६ नंतर, दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत, त्याकडे दुर्लक्ष झाले. नोंदी विस्कळीत झाल्या, रुमाल इकडेतिकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा इंग्रजांच्या हाती आलेल्या या दफ्तराला मोठ्या फटी पडल्या होत्या. अशा फटी दोघांना सोयीच्या असतात : खोटा दावा घुसवणाऱ्याला आणि खरा दावा नाकारू पाहणाऱ्याला.

१४/ १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. बनावट सनदा होत्या, हे खरे. परंतु कमिशनने पुराव्याचे ओझे संपूर्णपणे इनामदाराच्या खांद्यावर टाकले. कागद दाखवा, दफ्तरात जोड दाखवा, नसेल तर इनाम जप्त. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, पुरात वाहिला किंवा धामधुमीत जळाला, तोही लबाडांच्याच रांगेत उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्यांचा भोगवटा पूर्वी साक्ष ठरे. आता तो बऱ्याचदा अपुरा ठरू लागला.

१५/ सुमारे ३५ हजार इनामांची चौकशी होऊन २१ हजार जप्त झाली, असा आकडा इतिहासग्रंथांत वारंवार दिला जातो. ही सगळी खोटी असणे संभवनीय नाही. दक्षिण महाराष्ट्रात यातून उसळलेला असंतोष १८५७ च्या पार्श्वभूमीत महत्त्वाचा मानला जातो. सरकारनेही हात आखडता घेतला. १८६३ च्या कायद्यांनी तडजोड काढली : साऱ्याचा ठरावीक अंश भरा आणि इनाम कायम करून घ्या.

१६/ याच कमिशनमध्ये १८५६ पासून एक मराठी अधिकारी काम करीत होते : गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच ‘लोकहितवादी’. या धाग्याचे दुसरे टोकही त्यांच्याच हाती आहे. एल्फिन्स्टनने रमण्याच्या दक्षिणेला कात्री लावून ती ५० हजारांवर आणली होती आणि त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. उरलेला पैसा मात्र जुन्याच पद्धतीने वाटला जात राहिला.

१७/ १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला : दक्षिणेचा पैसा उत्तम मराठी ग्रंथांना द्या. सनातन्यांनी कडाडून विरोध केला. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली. पुढे याच निधीच्या शिष्यवृत्तीवर न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे विद्वान शिकले.

१८/ हा बदल फसवणुकीच्या दृष्टीनेही मोठा होता. रमण्यात ‘तू कोण?’ हा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर जन्मावर ठरत असल्याने बहुसंख्य समाज दाराबाहेरच राहिला. ग्रंथाच्या बाबतीत प्रश्न झाला ‘तू काय केलेस?’ ग्रंथ समोर ठेवता येतो, वाचता येतो, परीक्षकाला पारखता येतो. दहा नावे घेतली, तरी ग्रंथ दहा होत नाहीत.

१९/ म्हणून मोफत वाटपाची कोणतीही व्यवस्था आज उभारणाऱ्याने या दोन्ही बाजू पाहाव्यात. नोंद खरी की खोटी, हे तिच्या एकटीच्या रूपावरून ठरत नाही. तिची जोड दुसऱ्याच्या ताब्यात असावी लागते. आणि ती जोड सांभाळणे हे वाटणाऱ्याचे काम आहे. त्याच्या हातून दफ्तर हरवले, तर त्याचा दंड घेणाऱ्याने भरू नये. इनाम कमिशनच्या काळात तो असंख्य कुटुंबांनी भरला.

२०/ त्या दफ्तराचे उरलेले रुमाल आजही पुण्यातच आहेत. १८९१ मध्ये पूर्ण झालेली त्यांची इमारत ‘एलिनेशन ऑफिस’ म्हणून ओळखली जाई. लोक तिला ‘पेशवे दफ्तर’ म्हणतात. मोडी शिकून तेथे बसलात, तर एखाद्या सनदेच्या शेवटी ‘लेखनसीमा’ दिसेल. तिची जोड कोणत्या रुमालात आहे, हे शोधण्याचे काम अजून संपलेले नाही.

धागा समाप्त.