डिस्चार्जनंतरचा इतिहास

लहान मेंदूतली गाठ काढल्यानंतर अकराव्या दिवशी मला घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी पानभर होती. चालण्याबद्दल एकच ओळ होती: ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी.’ नोएडातल्या आमच्या घरात मी खुर्चीतून उठले की जमीन होडीसारखी हलायची. पेला ओठांपर्यंत नेईतो अर्धं पाणी अंगावर सांडायचं.

गाठीचं नाव मेड्युलोब्लास्टोमा. हा बहुधा मुलांना होणारा कर्करोग, मोठ्या माणसांत फार क्वचित. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. डॉक्टरांनी जीव वाचवला हे खरंच, पण त्या एका ओळीने मला वाचायला बसवलं. वाचलेल्या माणसाचं पुढे काय, हा प्रश्न वैद्यकाला कधी पडला?

गाठीचा इतिहास लगेच सापडला. तिला हे नाव पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी १९२५ साली दिलं. नुसती गाठ काढून भागत नसे, कारण तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या द्रवातून पाठीच्या कण्यापर्यंत पोचत. १९५३ साली मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन यांनी अख्ख्या मेंदूला आणि मज्जारज्जूला किरणोपचार दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मला मिळालेले किरणोपचार त्याच वाटेने आलेले. दिल्लीत एम्स १९५६ साली स्थापन झालं आणि १९६५ साली प्रकाश नारायण टंडन व ए. के. बॅनर्जी यांनी तिथे न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. सीटी स्कॅन तेव्हा जगात कुठेच नव्हता. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायचा आणि गाठ कुठे असेल ते ताडायचं, अशी रीत होती.

पुनर्वसनाचा इतिहास मात्र मला युद्धांत सापडला. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल भागातल्या रुग्णालयात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना पुन्हा वाचायला-लिहायला शिकवलं. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी तेच काम दुसऱ्या वाटेने करून घेता येतं, हे त्यांचं सूत्र. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग काढला आणि त्यांच्या हाती चेंडू, धनुष्यबाण दिले. पॅरालिंपिकचं मूळ तिथलं.

आपल्याकडेही धागा १९६५शीच येतो. त्या वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून चाकाच्या खुर्चीत बसले. त्यांनीही स्टोक मँडेव्हिलला उपचार घेतले आणि पुढे दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभारलं.

हे मी आईला वाचून दाखवत होते. ती माझ्यासाठी सांगलीहून आली होती. म्हणाली, “अगं, आपल्या पेठचे मुरलीकांत पेटकर त्याच लढाईतले. गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून पोहायला लागले.” १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिंपिकपटू.

दुसऱ्या दिवशी आईने बोळातल्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीची सरळ रेघ ओढली. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत तिच्यावरून चालायचं. लहान मेंदू चुकला की डोळ्यांनी आणि तळव्यांनी तोल सावरायला शिकायचं. लुरियांची दुसरी वाट म्हणजे आमच्या घरी ही पट्टी. भिंतीला हात लागला की आई मोजणी पुन्हा एकपासून धरायची. तेव्हा तिचा राग यायचा.

आता सहा वर्षं झाली. स्कॅन स्वच्छ आहेत. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर कठडा अजून सोडवत नाही आणि अंधारात दोन पावलांवर तोल जातो, कारण तिथे डोळ्यांची मदत नसते. अक्षर पहिल्यासारखं झालं नाही, पण हा लेख मी हातानेच लिहिला.

सैनिकांना निदान रुग्णालयं मिळाली, त्यांच्या नोंदी राहिल्या. घरातल्या बोळात चालायला शिकलेल्यांची आणि त्यांना शिकवणाऱ्यांची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून डिस्चार्जच्या त्या कागदावर, त्या एका ओळीखाली, आईने मोजलेली पावलं मी लिहून ठेवली आहेत. पहिला दिवस: चार. चाळिसावा दिवस: पूर्ण बोळ, भिंतीला हात न लावता.