जुना ‘ट्विन लेन्स’ कॅमेरा : दुरुस्तीआधीची तपासणी

डिजिटल छायाचित्रण रुळण्यापूर्वी जतसारख्या तालुक्याच्या गावी लग्नाचे वा पासपोर्टचे छायाचित्र काढायचे, तर स्टुडिओत अनेकदा छातीशी धरून, वरून मान खाली घालून पाहायचा पेटीसारखा कॅमेरा असे. जर्मनीतील फ्रांके अँड हायडेके कंपनीने १९२९ मध्ये आणलेल्या रोलिफ्लेक्सने हा प्रकार लोकप्रिय केला. होमाय व्यारावाला यांच्या हातीही रोलिफ्लेक्स असे. पुढे जपानी याशिकाने तो अधिक जणांच्या आवाक्यात आणला. असे कॅमेरे आजही अनेक कपाटांत पडून आहेत आणि उत्साहाच्या भरात केलेल्या ‘सफाई’नेच त्यांतील कित्येक कायमचे निकामी होतात.

रचना साधी असते. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा ४५ अंशांतील आरशावरून धूसर काचेवर दिसते. चित्र मात्र खालच्या भिंगातून फिल्मवर उमटते. त्यामुळे वरच्या काचेत प्रतिमा स्वच्छ दिसली म्हणजे कॅमेरा धडधाकट, असे होत नाही.

कॅमेरा कोठे पडून होता, यावर दोष बरेचसे ठरतात. शिराळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या दमट हवेत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. जतच्या कोरड्या, धुळीच्या हवेत बुरशीचे भय कमी. तेथे धुळीचाच त्रास अधिक. वंगण मात्र वयोमानानुसार कोठेही घट्ट होते आणि फोकसचे चाक जड फिरू लागते.

सर्वांत आधी शटर पाहावे. १/१२५ सेकंदाला ते नीट चालते, पण एका सेकंदाला अडखळते किंवा उघडेच राहते, हा नेहमीचा आजार. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित केल्यास उघडण्या-मिटण्यातील अंतर मोजता येते. अडखळणाऱ्या शटरमध्ये तेल सोडणे हा हमखास नाशाचा मार्ग आहे. शटरची पाती कोरडीच चालायला हवीत. तेल पसरले की ती चिकटतात. जुने वंगण धुऊन काढणे हे जाणकाराचेच काम. काही जुन्या कॉम्पुर शटरमध्ये १/५०० हा वेग शटर ताणण्यापूर्वीच निवडावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आरशाची गोष्ट याहून नाजूक. त्याचा चकाकणारा थर काचेच्या मागे नव्हे, पुढच्या पृष्ठभागावर असतो. रुमालाने पुसला की तो ओरखडतो. धूळ फुंकणीने उडवावी, तोंडाने फुंकू नये. थर काळवंडला असेल तर आरसा बदलावा. मात्र साधा आरसा बसवल्यास प्रतिमा दुहेरी दिसते आणि फोकसही चुकतो.

बुरशी काढता येते, पण तिने भिंगाच्या लेपावर कोरलेली खूण राहते. ती फिकट असेल तर चित्रात फारशी जाणवत नाही; म्हणून केवळ बुरशी दिसली एवढ्यावरून कॅमेरा टाकून देऊ नये. याशिकाच्या मागील दाराच्या खाचेतील स्पंज कुजून चिकट झालेला असतो. तो खरवडून नवा बसवणे घरीही जमते. याशिका मॅट १२४ जी मधील प्रकाशमापकासाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. तो आता मिळत नाही. साधा १.५ व्होल्टचा सेल घातल्यास मोजमाप चुकू शकते. वेगळा प्रकाशमापक बरा. त्याविना कॅमेरा तसाही चालतो.

फोकसची खातरजमा करण्यासाठी मागचे दार उघडून, फिल्म ज्या पट्ट्यांवरून सरकते त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवावा आणि शटर ‘बी’वर उघडे ठेवावे. दूरच्या टॉवरची प्रतिमा वर आणि खाली एकाच वेळी रेखीव दिसली पाहिजे. फरक पडत असेल, तर वरचे भिंग खालच्याशी जुळवून घ्यावे लागते. खालच्या भिंगाला हात लावण्याचा मोह टाळावा.

त्यानंतरच १२० क्रमांकाचा कृष्णधवल रोल भरावा. त्यावर सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे येतात. प्रत्येक चित्राचा वेग, छिद्र आणि अंतर वहीत टिपून ठेवल्यास निगेटिव्ह पाहून दोष कोणत्या भागात आहे ते कळते. रोल भरताना रिकामी रीळ वरच्या खाचेत असावी लागते. जुना कॅमेरा विकत घेताना ती आत आहे ना, तेवढे आधी पाहावे.