टोचन कुठं बांधायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कवितेत रमणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. केलं, यंत्रांशी नातं दुरूनच. तरी आज जीपच्या पुढच्या हुकाविषयी बोलणार आहे. कारण लहानपणी अशा एका हुकानं माझा जीव जवळजवळ घेतलाच होता.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माझे मामू जीपवर ड्रायव्हर होते. पावसाळ्यात एका ओढ्याच्या काठी काळ्या मातीत जीप रुतली. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला, नायलॉनचा जाड दोर आला. जीपच्या बंपरवर कुणा मिस्त्रीनं वेल्डिंग करून दिलेला हूक होता, त्यात दोर अडकवला. मी दोराशेजारी गंमत बघत उभा. मामू ओरडले, ''सरक तिथून! त्या लिंबाखाली जाऊन उभा राहा.'' मी तोंड पाडून गेलो. ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि वेल्डिंग सुटलं. तो हूक दोरासकट मी उभा होतो त्या जागेवरून गेला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. मडगार्डला खोल पोचा पडला. ट्रॅक्टरवाला वीतभर अंतरानं वाचला.

हूक का सुटला, हे कळायला मला मोटारीचा इतिहास वाचावा लागला.

१९४० च्या जुलैत अमेरिकी सैन्यानं १३५ कारखान्यांकडे हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत नमुना उभा केला. पुढं विलिज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. या जीपचा पुढचा बंपर म्हणजे चासीच्या टोकांना बोल्टांनी आवळलेली पोलादी पट्टी. ओढ पडली की ती थेट चासीवर जाई. स्वातंत्र्यानंतर हीच विलिज जीप सुट्या भागांतून मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. ती जुळवणाऱ्या कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं.

दरम्यान मोटारीचा चेहराच बदलत होता. १९५९ मध्ये मर्सिडीजनं बेला बारेनी यांच्या कल्पनेवर अशी गाडी बाजारात आणली की धडकेत तिचं नाक मुद्दाम चेपावं आणि धक्का माणसापर्यंत पोचू नये. या कल्पनेनं असंख्य जीव वाचवले. पण नाक मऊ झालं आणि दोर बांधायची पक्की जागा बंपरमागं दडली. धडकेसाठी पुढचा भाग मऊ हवा, ओढण्यासाठी कठीण. दोन्ही एकाच गाडीत साधायचं, हा आजचा पेच आहे.

त्यात ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा आला. तो रबरासारखा ताणतो, जोर साठवतो आणि रुतलेली गाडी उचलून काढतो. पण मधला एखादा तुकडा सुटला, तर त्याची गोफण होते. ओढणाऱ्या गाडीचा वेग दुप्पट झाला, तर तिच्यातली शक्ती चौपट होते. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा लावल्यानं ऑस्ट्रेलियात माणसं दगावली आहेत. तो गोळा संथ ओढीसाठी असतो, हिसक्यासाठी नव्हे. गाडीखालच्या छोट्या कड्यांचंही तसंच. जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधून ठेवण्यापुरत्याच त्या असतात.

मग सुरक्षित हूक कसा असावा? तो चासीला, तिच्या मूळ भोकांतून, उच्च ताकदीच्या बोल्टांनी बसवलेला असावा. त्याच गाडीसाठी बनवलेला आणि किती भार पेलतो ते छापलेला असावा. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्हींतून पट्टा घेऊन ओढ वाटून घ्यावी. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून नुसतं वेल्डिंग करून घेऊ नये. वेल्डिंग आत कसं बसलंय ते वरून दिसत नाही. एअरबॅगच्या गाडीत पुढं पोलाद वाढवण्याआधी कंपनीच्या माणसाला विचारावं. ओढण्याआधी फावड्यानं चाकापुढची माती काढावी, कारण चिखल गाडीला धरून ठेवतो. दोरावर ओलं पोतं टाकावं. बघ्यांनी दोराच्या लांबीहून बरंच दूर, बाजूला थांबावं. दोराच्या रेषेत तर कुणीच नको.

मामूंनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांना फक्त ठाऊक होतं की ताणलेल्या दोराजवळ पोर उभं राहू द्यायचं नसतं. त्या दिवशी जीप पुन्हा ओढली ती दोर थेट चासीला बांधून. ती हळूच निघाली. घरी परतताना मामू मला एवढंच म्हणाले, ''अम्मीला सांगू नकोस.''

मी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.